एडी कॉन्स्टंटीन : मायदेशी अपरिचित, फ्रान्समध्ये मात्र ‘अमेरिकन’ नायक. हे कसे घडले?

जुना_प्रोजेक्टर (मूळ प्रश्न)

दिग्दर्शक ज्याँ-लुक गोदारचा ‘अल्फाव्हिल’ (१९६५) हा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना लांब कोट आणि फेल्ट हॅट घातलेला, खडबडीत चेहऱ्याचा गुप्तहेर लेमी कॉशन आठवत असेल. ही भूमिका करणारा एडी कॉन्स्टंटीन जन्माने अमेरिकन. १९१७ मध्ये लॉस एंजेलिस येथे, पूर्व युरोपातून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबात तो जन्मला आणि १९९३ मध्ये जर्मनीतील वीसबाडेन येथे त्याचे निधन झाले. मधल्या काळातील त्याची जवळजवळ सगळी चित्रपट-कारकीर्द आधी फ्रान्समध्ये आणि पुढे जर्मनीत घडली. हॉलिवूडच्या इतिहासग्रंथांत त्याच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. १९५० च्या दशकातील फ्रेंच चित्रपटगृहांचा इतिहास मात्र त्याला वगळून लिहिता येणार नाही.

मला पडलेला प्रश्न असा की, त्या काळात फ्रेंच प्रेक्षकाला हम्फ्री बोगार्ट आणि जेम्स कॅग्नी यांच्यासारखे कसलेले अमेरिकन नट पडद्यावर पाहायला मिळत होते. असे असताना, मायदेशी ज्याला कोणी विचारले नाही अशा एका गायकाला त्याने ‘अमेरिकन नायक’ म्हणून का स्वीकारले असावे? त्याच्या अभिनयाचा आवाका मोठा होता असे त्याचे चाहतेही म्हणत नाहीत. दुसरे असे की, गोदारने ‘अल्फाव्हिल’मध्ये त्याला घेतले आणि त्यामुळे त्याची लोकप्रियता संपुष्टात आली, हे विधान अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते कितपत ग्राह्य मानावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

मीरा_द

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कॉन्स्टंटीनच्या अभिनयात शोधण्यापेक्षा त्याच्या आवाजात आणि उच्चारांत शोधावे, असे मला वाटते.

तो मूळचा गायक. तरुणपणी गायनाच्या शिक्षणासाठी तो व्हिएन्नाला गेला होता. अमेरिकेत परतल्यावर नभोवाणीवरील गाणी आणि जाहिरातींची गीते यांपलीकडे त्याची फारशी प्रगती झाली नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तो पॅरिसला आला आणि तेथील रात्रगृहांत गाऊ लागला. तेथेच प्रसिद्ध फ्रेंच गायिका एदित पिआफचे त्याच्याकडे लक्ष गेले. तिच्या गाण्यांना इंग्रजी शब्द देण्याच्या निमित्ताने त्यांचा परिचय वाढला आणि १९५१ मध्ये ‘ला पतीत लीली’ या संगीतिकेत तिने त्याला आपल्यासोबत उभे केले. मार्सेल आशार यांची संहिता आणि मार्गरीत मोनो यांचे संगीत असलेला हा प्रयोग पॅरिसच्या ‘आ बे से’ रंगमंदिरात झाला. फ्रेंच नीट बोलता न येणारा, धिप्पाड आणि किंचित अवघडलेला अमेरिकन ही त्याची प्रतिमा प्रेक्षकांसमोर प्रथम आली ती येथे. म्हणजे चित्रपटात येण्याआधीच तिचा पाया घातला गेला होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी बर्नार बोर्देरी या दिग्दर्शकाने ‘ला मोम व्हेर-द-ग्री’ (१९५३) मध्ये त्याला लेमी कॉशनची भूमिका दिली. हा चित्रपट कोणत्या पुस्तकावर आधारलेला होता, हे येथे महत्त्वाचे ठरते. १९४५ मध्ये गालिमार या प्रकाशनसंस्थेने मार्सेल द्युआमेल यांच्या संपादनाखाली ‘सेरी न्वार’ ही गुन्हेगारी कादंबऱ्यांची माला सुरू केली, आणि तिचे पहिले पुष्प म्हणजे हीच कादंबरी होती. तिचा लेखक पीटर चेनी हा इंग्रज. अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेचा, म्हणजे एफबीआयचा हस्तक असलेला लेमी कॉशन आणि त्याची ती रांगडी अमेरिकन बोली त्याने लंडनमध्ये बसून कल्पनेने रचली होती. म्हणजे एका इंग्रजाने कल्पिलेला अमेरिकन, त्याचा फ्रेंच अनुवाद, त्यावर फ्रेंच दिग्दर्शकाने केलेला आणि कासाब्लांकात घडणारा चित्रपट, आणि या सगळ्या साखळीच्या शेवटी एक खराखुरा अमेरिकन माणूस! या साखळीतील एवढी एकच गोष्ट अस्सल होती, आणि तिचा पुरावा त्याच्या प्रत्येक वाक्यातून प्रेक्षकाच्या कानावर पडत होता.

बोगार्ट फ्रान्समध्ये दिसत असे तो बहुधा फ्रेंच नटाच्या उसन्या आवाजात. मूळ ध्वनी आणि खाली उपशीर्षके असलेल्या प्रती मोजक्या चित्रपटगृहांपुरत्या मर्यादित असत. कॉन्स्टंटीन मात्र स्वतःच्या आवाजात फ्रेंच बोलत होता. शब्द फ्रेंच आणि हेल अमेरिकन, अशी ही सरमिसळ डब केलेल्या चित्रपटात मिळणे शक्यच नव्हते. इतकी वर्षे फ्रान्समध्ये राहूनही त्याने उच्चार सुधारले नाहीत, याला काही जण आळस म्हणतात. माझ्या मते ती पूर्ण व्यवहारी समज होती, कारण उच्चार सुधारले असते तर तो आणखी एक फ्रेंच नट झाला असता आणि तसे नट तेथे पुष्कळ होते.

शिवाय त्याने लेमी कॉशन कधीही पूर्ण गांभीर्याने रंगवला नाही. मारामारी संपली की टाय सरळ करणे, व्हिस्कीचा पेला हाती घेणे, प्रेक्षकाला सामील करून घेतल्यासारखे हसणे, यांतून ‘हा सगळा खेळ आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही’ असा एक करार होत असे. अमेरिकन गुन्हेगारीपटांवर प्रेम असलेल्या, पण त्यांना थोडेसे हसणाऱ्याही प्रेक्षकाला हा करार मानवला. १९५५ मध्ये आपल्या लहान मुलीसोबत, तान्यासोबत, त्याने गायलेले ‘लॉम ए लांफां’ हे गाणे अतिशय गाजले. ठोसे लगावणाऱ्या नायकाची ही घरगुती बाजू पाहून त्याच्याविषयीचा जिव्हाळा आणखी वाढला असणार.

वसंत_क

मीरा_द यांचे विवेचन आवडले, तरी उच्चारांवर त्यांनी दिलेला भर मला थोडा अधिक वाटतो. त्याच सुमारास पश्चिम जर्मनीतही कॉन्स्टंटीनचे चित्रपट जोरात चालत होते आणि तेथे ते जर्मन भाषेत डब होऊन जात. म्हणजे जर्मन प्रेक्षकाला त्याचे ते अमेरिकन वळणाचे फ्रेंच कधी ऐकूच आले नाही, तरीही तो त्याला आवडला. याचा अर्थ, उच्चारांखेरीज आणखी काही तरी त्या प्रतिमेत होते.

ते काय होते हे समजण्यासाठी काळाकडे पाहावे लागते. जर्मन ताब्याच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपटांवर बंदी होती. युद्ध संपल्यानंतर, २८ मे १९४६ रोजी फ्रान्स आणि अमेरिका यांच्यात झालेल्या ब्लूम-बर्न्स करारानुसार दर तिमाहीतील केवळ चार आठवडे फ्रेंच चित्रपटांसाठी राखून ठेवण्यात आले. उरलेल्या आठवड्यांत स्पर्धा खुली होती. साहजिकच अडवून ठेवलेला हॉलिवूडचा कित्येक वर्षांचा साठा एकदम फ्रेंच पडद्यावर उतरला. फ्रेंच चित्रपटसृष्टीत याविरुद्ध मोठा असंतोष निर्माण झाला, निदर्शने झाली आणि १९४८ मध्ये हे चार आठवडे वाढवून पाच करण्यात आले. अशा वेळी निर्मात्यांसमोर दोनच मार्ग होते. एक, अमेरिकन चित्रपटाला जमणार नाही असे काही तरी खास फ्रेंच करून दाखवायचे. किंवा दुसरा, अमेरिकन चित्रपटाचा मसाला आपल्याच स्वयंपाकघरात, कमी खर्चात तयार करायचा. कॉन्स्टंटीनचे चित्रपट या दुसऱ्या मार्गाचे होते. चित्रपट फ्रेंच असल्याने तो राखीव आठवड्यांत दाखवता येई आणि नायक अमेरिकन असल्याने तो अमेरिकन म्हणून खपे. यात कलात्मक थोरवी नसेल, पण निर्मात्याच्या दृष्टीने याहून सोयीची रचना सुचणे कठीण.

एक बाब येथे नोंदवणे आवश्यक वाटते, कारण ‘परदेशातला अमेरिकन’ हा विषय तिच्याशिवाय अपुरा राहील. कॉन्स्टंटीन पॅरिसला स्वतःच्या इच्छेने आला होता. पण त्याच शहरात त्याच वर्षांत असेही अमेरिकन होते, ज्यांना येण्यावाचून पर्याय राहिला नव्हता. दिग्दर्शक जॉन बेरी हे त्यांपैकी एक. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चौकशीत सापडलेल्या, ‘हॉलिवूड टेन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दहा चित्रपटकर्मींच्या समर्थनार्थ त्यांनी १९५० मध्ये अनुबोधपट केला, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीसमोर त्यांचे नाव घेण्यात आले. नाव घेणारा एडवर्ड डिमिट्रिक हा स्वतः त्या दहांपैकीच एक होता. काळ्या यादीत गेलेले बेरी फ्रान्सला निघून आले. १९५५ मध्ये त्यांनी दोन चित्रपट केले, ‘सा व्हा बार्दे’ आणि ‘ज स्वी अं सांतिमांताल’, आणि दोन्हींचा नायक एडी कॉन्स्टंटीन होता! ज्या देशात त्यांना काम करणे अशक्य झाले होते, त्याच देशाची फ्रेंच आवृत्ती चित्रित करून त्यांना पोट भरावे लागले. या दोन चित्रपटांत मारामारीच्या जोडीला पत्रकारिता, पैसा आणि सत्ता यांविषयीचा जो कडवटपणा जाणवतो, तो कॉन्स्टंटीनच्या इतर चित्रपटांत क्वचितच आढळतो. ‘सांतिमांताल’मध्ये तर तो वार्ताहराच्या भूमिकेत आहे. त्याच्या अभिनयाचा आवाका बेताचा होता हे मान्य करूनही, दिग्दर्शकाला काही सांगायचे असेल तर हा नट त्याच्या कामी येऊ शकतो, हे गोदारच्या दहा वर्षे आधी बेरी यांनी दाखवले होते, असे माझे मत आहे.

मीरा_द

जर्मनीचा मुद्दा बिनतोड आहे. तेथे चेहरा, अंगकाठी आणि मुठी यांवरच भागले असणार, एवढेच म्हणता येईल. फ्रान्सपुरते मात्र मी उच्चारांचे महत्त्व सोडायला तयार नाही.

निगेटिव्ह_पॉझिटिव्ह

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण ‘गोदारने कॉन्स्टंटीनला संपवले’ हे विधान ऐकायला आकर्षक असले तरी तारखांशी त्याचा मेळ बसत नाही.

‘अल्फाव्हिल’पूर्वी लेमी कॉशनचे सात चित्रपट झाले होते, त्यांपैकी चार १९५३ ते १९५५ या तीन वर्षांतच. त्यानंतर पाच वर्षे खंड पडला आणि १९६० ते १९६३ दरम्यान बोर्देरीने आणखी तीन केले. तोवर प्रेक्षकाची आवड बदलू लागली होती. १९६२ मध्ये ‘डॉ. नो’ हा पहिला जेम्स बाँडपट आला आणि गुप्तहेर म्हटला की रंगीत छायाचित्रण, उष्ण कटिबंधातील समुद्रकिनारे, यांत्रिक करामती आणि इस्त्रीचा सूट ही अपेक्षा रूढ झाली. फ्रेंच निर्मात्यांनी ती लगेच ओळखली. दिग्दर्शक आंद्रे युनबेलने १९६३ पासून ‘ओएसएस ११७’ या गुप्तहेराच्या चित्रपटांची मालिका सुरू केली, आणि तिच्या पहिल्या दोन चित्रपटांसाठी त्याने कोणाला आणावे? तर केरविन मॅथ्यूज या अमेरिकन नटाला. म्हणजे परदेशी अमेरिकन नायकाची मागणी संपली नव्हती. अमेरिकन कोणत्या प्रकारचा असावा, ते बदलले होते. चाळिशी उलटलेला, कृष्णधवल गल्ल्यांत ठोसे मारणारा कॉन्स्टंटीन या नव्या साच्यात बसत नव्हता.

‘अल्फाव्हिल’नंतर त्याचे व्यावसायिक काम एकाएकी थांबले, असेही दिसत नाही. १९६६ मध्येच त्याने स्पॅनिश दिग्दर्शक जेसुस फ्रांकोसाठी दोन हेरपट केले, त्यांपैकी ‘कार्त स्यूर ताब्ल’च्या पटकथेत ज्याँ-क्लोद कार्येर यांचा सहभाग होता. उतरण होती खरी, पण ती आधीपासून सुरू झाली होती.

गोदारने केले ते वेगळेच. उतरणीला लागलेला हा नायक त्याने जसाच्या तसा उचलला. यापूर्वी १९६२ च्या ‘सात पातके’ या बहुदिग्दर्शकी चित्रपटातील ‘आळस’ या भागात त्याने कॉन्स्टंटीनला कॉन्स्टंटीन म्हणूनच दाखवले होते, कपडे उतरवण्याचाही कंटाळा असलेला एक प्रसिद्ध नट म्हणून. त्याच वर्षी आन्येस व्हार्दाच्या ‘क्लेओ द सांक आ सेत’मधील छोट्याशा मूक प्रहसनातही तो क्षणभर दिसतो. म्हणजे गोदार, व्हार्दा यांच्यासारख्या फ्रेंच ‘नवप्रवाहा’तील (न्यू वेव्ह) मंडळींना तो चांगला परिचित होता आणि त्यांचा त्याच्यावर लोभ होता. ‘अल्फाव्हिल’मध्ये गोदारने त्याच्या पडद्यावरील प्रतिमेतील थट्टा तेवढी काढून घेतली. छायालेखक राऊल कुतारने खऱ्या पॅरिसमधील काचेच्या इमारती, हॉटेलांचे बोळ आणि रात्रीचे दिवे यांतूनच भविष्यातील शहर उभे केले, नेपथ्य बांधले नाही. आणि त्या उघड्यावागड्या प्रकाशात कॉन्स्टंटीनच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या आणि व्रण प्रथमच विनोदाच्या आडोशाविना दिसले. ‘फिगारो-प्राव्हदा’ या वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून वावरणारा हा कॉशन व्हिस्की पितो, गोळ्या झाडतो, पण हसत नाही. अल्फा ६० हा शहर चालवणारा संगणक त्याची उलटतपासणी घेतो तेव्हा तो कवितेच्या भाषेत उत्तरे देतो. शनिवारी रात्री निव्वळ करमणुकीसाठी तिकीट काढणारा त्याचा जुना प्रेक्षक येथे बुचकळ्यात पडला असणार, हे समजण्यासारखे आहे. पण बर्लिनच्या महोत्सवात याच चित्रपटाला सुवर्ण अस्वल मिळाले, आणि त्याच्या कारकिर्दीचा पुढचा टप्पा त्यातूनच निघाला.

जाता जाता एक तपशील. ‘ला मोम’मध्ये कॉशनसमोर उभा ठाकणारा हॉवर्ड व्हर्नन हाच ‘अल्फाव्हिल’मध्ये प्राध्यापक फॉन ब्राउन झाला आहे. ही निवड निव्वळ योगायोगाने झाली, असे गोदारच्या बाबतीत मानणे मला जड जाते.

जुना_प्रोजेक्टर

सर्वांचे आभार. निगेटिव्ह_पॉझिटिव्ह यांनी ज्या पुढच्या टप्प्याचा उल्लेख केला, त्याविषयी कोणी लिहू शकेल का? तसेच क्लिंट ईस्टवूड किंवा लेक्स बार्कर यांच्याशी त्याची तुलना कितपत योग्य ठरेल?

उत्तररंग

तुलनेबद्दल थोडक्यात सांगतो. ईस्टवूड १९६४ मध्ये सेर्जिओ लिओनेच्या चित्रपटासाठी १५ हजार डॉलरवर स्पेनला गेला, तेव्हा अमेरिकन दूरचित्रवाणीवर त्याची मालिका चालू होती. युरोप ही त्याच्यासाठी एक फेरी होती आणि १९६७ मध्ये ते चित्रपट अमेरिकेत लागल्यावर तो मोठा होऊन घरीच राहिला. बार्करचे उदाहरण कॉन्स्टंटीनच्या अधिक जवळचे आहे. पाच चित्रपटांत टारझन झाल्यानंतर हॉलिवूडमध्ये त्याला चांगल्या भूमिका मिळेनाशा झाल्या. तो युरोपात आला आणि १९६२ पासून कार्ल माय यांच्या कादंबऱ्यांवरील पश्चिम जर्मन चित्रपटांत ओल्ड शॅटरहँड म्हणून अफाट लोकप्रिय झाला. मौजेची गोष्ट अशी की, ज्या अमेरिकन पश्चिमेच्या कथा माय यांनी लिहिल्या ती त्यांनी लिहिण्यापूर्वी पाहिलेली नव्हती, आणि चित्रीकरण युगोस्लाव्हियात झाले. म्हणजे वर मीरा_द यांनी वर्णन केलेली साखळी येथेही जशीच्या तशी आढळते. फरक इतकाच की, बार्कर १९७३ मध्ये न्यूयॉर्कला वारला तोवर त्याच्या त्या प्रतिमेला कोणी धक्का लावला नव्हता. कॉन्स्टंटीनच्या बाबतीत मात्र एका पिढीने ती प्रतिमा हाती घेऊन उलटसुलट करून पाहिली, आणि त्याने त्यांना तसे करू दिले. माझ्या दृष्टीने त्याच्या उत्तरार्धाचे मोल यात आहे.

१९७० मध्ये जर्मन दिग्दर्शक पेटर लिलिएन्थालने ‘मालातेस्ता’मध्ये त्याला एर्रिको मालातेस्ता या इटालियन अराज्यवादी विचारवंताची भूमिका दिली, ठोसेबाज नायक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नटाला ही भूमिका द्यावी, हे धाडसच होते. जर्मन दिग्दर्शक राइनर व्हेर्नर फासबिंडरच्या ‘पवित्र वेश्येपासून सावध’ (१९७१) मध्ये तो स्वतःच्याच नावाने वावरतो. स्पेनमधील एका हॉटेलात चित्रपटाचा ताफा पैशांची आणि दिग्दर्शकाची वाट पाहत खोळंबला आहे, सगळे एकमेकांवर खेकसत आहेत, आणि त्या गदारोळात हा वयस्कर तारा सौजन्याने, किंचित गोंधळून बसून आहे. अभिनयाचा आवाका लहान होता म्हणणाऱ्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा. काहीही न करता पडद्यावर असणे किती अवघड असते, ते आजूबाजूच्या आरडाओरडीमुळे नीट लक्षात येते. १९७९ च्या ‘तिसरी पिढी’मध्ये फासबिंडरने त्याला संगणकांचा व्यापार करणारा उद्योगपती केले. दहशतवादाची भीती वाढली की सुरक्षा यंत्रणांची विक्री वाढते, हे जाणणारा हा माणूस शेवटी दहशतवाद्यांच्याच हाती लागतो. ‘अल्फाव्हिल’मध्ये संगणकाविरुद्ध लढलेल्या नटाला संगणकविक्रेता करण्यातली खोच फासबिंडरला कळत नसेल, असे कसे म्हणावे?

ब्रिटिश चित्रपटानेही त्याचा नेमका उपयोग केला. ‘द लाँग गुड फ्रायडे’ (१९८०) मध्ये लंडनच्या गोदी परिसरात पैसा गुंतवण्यासाठी आलेल्या अमेरिकन माफियाचा तो प्रतिनिधी आहे. बॉब हॉस्किन्सचा स्थानिक टोळीप्रमुख अख्खा चित्रपटभर धुमसत असतो आणि कॉन्स्टंटीन जेमतेम आवाज चढवतो, त्यामुळे खरी सत्ता कोणाकडे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. १९९१ मध्ये लार्स फॉन त्रीअरच्या ‘युरोपा’मध्ये तो युद्धोत्तर जर्मनीतील अमेरिकन कर्नल झाला. त्याच वर्षी गोदारने त्याला अखेरचे लेमी कॉशन म्हणून बोलावले. बर्लिनची भिंत पडली आहे, पूर्व जर्मनीत पेरून ठेवलेल्या या हेराला आता कोणतेच काम उरलेले नाही, आणि तो पायी पश्चिमेकडे निघाला आहे. तेव्हा कॉन्स्टंटीन सत्तरी ओलांडून गेला होता आणि प्रत्यक्षातही जर्मनीतच राहत होता.

ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांनी ‘अल्फाव्हिल’च्या आधी ‘ला मोम व्हेर-द-ग्री’ पाहावा, आणि शक्यतो मूळ फ्रेंच ध्वनी असलेली प्रत मिळवावी. तो पाहून झाल्यावर उच्चारांच्या मुद्द्यावर मीरा_द यांची बाजू घ्यायची की वसंत_क यांची, हे ज्याने त्याने ठरवावे; माझे मत सध्या तरी मीराताईंच्या बाजूने आहे.